मदत हवी आहे: 'तेव्हा फोनवर दिली होतीत, तीच गोळी द्या' याला काय उत्तर देता?

एकखुर्ची

नमस्कार मंडळी. दातांचा डॉक्टर आहे, स्वतःचा छोटा दवाखाना. प्रश्न जरा ओशाळवाणा आहे, पण इथे डॉक्टर, औषधवाले, पेशंट सगळेच वाचतात म्हणून विचारतो.

गेल्या आठवड्यात एक जुने पेशंट आले. खालची दाढ ठणकतेय, थंड पाण्याने कळ येते, रात्री आडवं झालं की जास्त. सूज नाही, ताप नाही. म्हणजे आतली नस सुजलेली, पण जिवंत. त्यांनी खिशातून अमॉक्सिसिलिनची स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. तीन खळगे रिकामे. म्हणाले, "तीन घेतल्या, फरक नाही. जरा स्ट्राँग द्या." मी म्हटलं, याला गोळी नाही, रूट कॅनल लागेल. त्यावर अगदी शांतपणे, "पण कोरोनात शेजारच्या दाढेला तुम्हीच फोनवर दिली होतीत की. तेव्हा चालली, मग आता का नाही?"

मला उत्तर सुचलं नाही. ते गेल्यावर २०२० ची वही काढली. बंदच्या काळातलं एक पान: अकरा नावं, त्यातल्या आठांपुढे माझ्याच अक्षरात 'फोनवर. फोटो पाहिला. अमॉक्सि ५००, ५ दिवस.' फोटो कसले, तर अंधारं तोंड आणि अर्ध्या लेन्सवर अंगठा. त्यावरून मी निदान करत होतो!

सबब नव्हती असं नाही. एअरोटर (दात कोरायचं यंत्र) चालवला की तोंडातले तुषार खोलीभर उडतात, त्यामुळे ड्रिलिंग जवळपास थांबलं होतं. सगळीकडे हेच. इंग्लंडमध्ये २५ मार्च २०२० ला नेहमीची दंतसेवा थांबवली, ती ८ जूनपासून पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात दंतवैद्यांच्या हातात उरलं ते सल्ला, वेदनाशामक आणि अँटिबायोटिक. त्या वर्षी एप्रिल ते जुलैमध्ये तिथल्या सरकारी सेवेतल्या दंतवैद्यांनी लिहिलेली अँटिबायोटिक्स आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त भरली. दात तेवढेच, किडही तेवढीच.

सबबीचे दिवस संपले, चिठ्ठीची सवय मात्र राहिली. पेशंटचीही, आणि खरं सांगायचं तर शनिवारी संध्याकाळी माझीही. तर सांगा, तुम्ही 'नाही' कसं म्हणता? आणि चार दिवस खुर्चीची वेळच मिळणार नसेल, तेव्हा काय लिहून देता?

मुळापासून

रूट कॅनलच करतो, त्यामुळे तुमची ती आठ मंडळी नंतर माझ्यासारख्यांकडे आली असणार. :)

'तेव्हा चालली' ही सगळ्यात चिवट समजूत. नस सुजली की दात ठणकतो. पुढे काही दिवसांत ती आतल्या आत मरते आणि ठणका थांबतो. नेमक्या त्याच दिवसांत माणूस गोळ्या घेत असतो, म्हणून श्रेय गोळीला जातं. मी पेशंटला कागदावर दाढ काढून दाखवतो. आत ही नस, चहूबाजूंनी कडक भिंत. सूज आली की पसरायला जागा नाही, रक्तपुरवठाच दबतो. गोळी रक्तातून येणार, आणि वाट इथेच बुजलेली. शिवाय ही दुखण्याची अवस्था मुळात सुजेची आहे, अँटिबायोटिकने ती ओसरत नाही. चित्र पाहिल्यावर बरेच जण वाद घालत नाहीत.

'खुर्ची मिळणार नसेल तर' याचं उत्तर महासाथीच्या आधीच लिहून ठेवलेलं होतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नोव्हेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये उपचार लगेच शक्य नसल्यास काय करायचं हेही आहे. एरवी प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या प्रौढांत, जिवंत नस ठणकत असेल तर तेव्हाही अँटिबायोटिक नाही. नस मेलेली आणि दात दाबला की दुखतो, पण सूज नाही, तर चिठ्ठी द्यायची पण थांबून वापरायची. गळू धरलंय आणि लगेच मोकळं करता येत नाही, तर अमॉक्सिसिलिन ५०० दिवसातून तीनदा, ३ ते ७ दिवस. तीन दिवसांनी पुन्हा तपासायचं आणि लक्षणं गेल्यावर २४ तासांनी बंद करायचं. 'कोर्स पूर्ण करा' हे घोकत मोठे झालेल्या आपल्याला शेवटचं वाक्य पचायला जड जातं, मलाही गेलं.

एकाच गोष्टीत घोळ घालू नका: तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, जिभेखालचा भाग वर आलाय, सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकतेय, तर फोन नाही, फोटो नाही, थेट हॉस्पिटल.

काउंटरपलीकडे

औषधाच्या दुकानात बसतो. एकेक चिठ्ठी पाच-पाच वेळा येते, घड्यांवर फाटलेली. डॉक्टर मंडळींना विनंती, चिठ्ठीवर निदान आणि 'अमुक तारखेनंतर देऊ नये' एवढं लिहा. आम्हाला नाही म्हणायला आधार मिळतो.

दुसरं, मार्च २०२० मधली आयब्युप्रोफेनची भीती आठवा. फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी कोरोनात ती टाळा म्हटलं. टाळण्याची शिफारस नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने काही दिवसांतच स्पष्ट केलं, पण भीती बसली ती बसली. लोक नुसत्या पॅरासिटामॉलवर दात आवळून बसायचे, तेवढ्याने भागायचं नाही, मग जोडीला अँटिबायोटिक. दातदुखीला ही दोन वेदनाशामकं एकत्र चांगली चालतात. मात्र अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारं औषध किंवा गरोदरपण असेल तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय नाही.

रात्रपाळी

मी पेशंट. त्या वर्षी तीन वेळा गोळ्या खाल्ल्या, पोट बिघडलं ते वेगळंच. डॉक्टरांवर राग नाही. पण एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, की याने दाढ बरी होणार नाही, आपण फक्त वेळ काढतोय. मी बरा झालो समजून वर्षभर गेलोच नाही. शेवटी हिरडीवर पुळी आली, एक्स-रे काढला तर मुळाशी काळा डाग.

एकखुर्ची

सगळ्यांचे आभार. तारखेची सूचना कालपासूनच सुरू केली. दाढेचं चित्रही काढून पाहिलं, माझी दाढ बटाट्यासारखी दिसते, पण काम झालं. ते पेशंट रूट कॅनलला तयार झालेत, उद्या सकाळची वेळ दिलीय. चित्र बघून त्यांनी विचारलंच, "म्हणजे ती शेजारचीही आतून मेली असेल?" हो म्हणालो. उद्या दोन्हींचे एक्स-रे.

आता रात्रपाळी, तुमचं वाचून नवाच भुंगा लागलाय. वहीतल्या त्या आठांपैकी पाच जण नंतर फिरकलेच नाहीत. मी आजवर धरून चाललो होतो की बरे झाले असतील. त्यांना आता फोन करून बोलवावं का? एवढ्या वर्षांनी फोन गेला तर गिऱ्हाईक शोधतोय असं वाटेल का? कुणी असं जुन्या पेशंटना बोलावलं असेल तर नेमकं काय बोललात ते लिहा. पहिलं वाक्यच सुचत नाहीये.