मदत हवी आहे: पिस्तुलाच्या बॅरलचं काम करणारा खात्रीचा गनस्मिथ मुंबईत कुठे मिळेल?

फलाट_नंबर_४ | शनिवार, रात्री ११:४०
नमस्कार. स्पर्धेच्या पिस्तुलाचं बॅरल थोडं आखूड करून पुढचं वजन कमी करून घ्यायचं आहे. बारीक काम आहे, कुणाही लेथवाल्याच्या हातात द्यायची हिंमत होत नाही. दोन दुकानांत विचारून झालं. एकाने उडवून लावलं, दुसरा म्हणाला "ठेवून जा, बघतो". त्या "बघतो"वरूनच मी घरी आणलं. राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. कृपया "पुण्यात विचारा" सांगू नका, तेवढा वेळ नाही. नाव आणि नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

नियमवाले_नाना | ११:५२
कोणतं पिस्तूल? पॉइंट टू टू (गोळीचं) की एअर (हवेच्या दाबावर छर्रे मारणारं)? लायसन कुणाच्या नावावर? यातलं काहीही न सांगता तुम्ही बॅरल आखूड करायचं उघड लिहिताय. शस्त्र कायदा १९५९, कलम ५: परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं तर सोडाच, दुरुस्त करणंही बंद. कलम ६ तर बॅरल आखूड करण्याबद्दलच आहे. संपादकांनी लक्ष घालावं.

गाळा_नं_७ | रविवार, सकाळी ७:१५
भाऊ, टेन्शन घेऊ नका. वसई पूर्वेला आमच्या बाजूच्या गाळ्यात एक मिस्त्री आहे, इंजेक्शन मोल्डच्या पिना फिरवतो. पाच मायक्रॉन म्हटलं की पाचच. बॅरल म्हणजे शेवटी नळीच ना? चहा पिऊन होईपर्यंत कापून देईल.

नियमवाले_नाना | ७:२१
बॅरल म्हणजे शेवटी नळीच, आणि लोकल म्हणजे शेवटी पत्र्याचा डबाच.

घारीची_नजर | ८:०५
नाना, धीर धरा. दहा मीटरचं एअर पिस्तूल असेल तर कायद्याची बाजू निराळी. ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर आपल्याकडे लायसन लागत नाही. पण कापायचा प्रश्न कायद्याच्या आधी अकलेचा आहे. छर्रा बाहेर पडताना बॅरलचं तोंड त्याला शेवटचं शिवतं. तिथे केसाइतकी खोच राहिली की प्रत्येक छर्रा वेगळ्या अंगाने सुटणार. कारखान्यात ते तोंड कसं बसवतात ते मिस्त्रीला पिना फिरवून कळणार नाही.
धागाकर्ते, एवढं सांगा: मेक आणि मॉडेल? नवं की जुनं? नेमबाज कोण, वय किती, उजव्या हाताचा की डाव्या? आणि मुळात कापायचं कशासाठी?

आंबेवाला_देवगड | ९:३०
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या बागेत वानरं फार झालीत. त्यांना नुसतं घाबरवायला एअरगन कोणती चांगली? दहा हजारांच्या आत.

नियमवाले_नाना | ९:३३
वेगळा धागा काढा. आणि वानरांना घाबरवायला फटाके पुरतात.

आंबेवाला_देवगड | ९:४१
फटाक्यांना वानरं सरावली हो. आता वात पेटवली की बघायला जवळ येतात.

शिवडी_ते_सीवूड्स | १०:१०
एअर असेल तर नुसता मेक सांगून भागणार नाही, चाप कुठला तेही सांगा. इलेक्ट्रॉनिक चाप घेऊच नका असं माझं स्पष्ट मत. टोकियोत मनू भाकरचं काय झालं आठवतंय ना? ऐन पात्रता फेरीत पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. मेकॅनिकल चाप म्हणजे ॲम्बॅसेडर गाडी.

घारीची_नजर | १०:१८
तीच मनू पुढे पॅरिसहून दोन कांस्यं घेऊन आली. आणि चापाबद्दल इथे कुणी विचारलेलं नाही.

फलाट_नंबर_४ | दुपारी १:०२
भाऊ नाही, ताई. एअर पिस्तूलच आहे, मला वाटलं ते कळेलच. स्टायर एलपी १०, सेकंड हँड. मुलगी पंधरा वर्षांची, उजव्या हाताची, दीड वर्ष खेळतेय. आधी क्लबचं पिस्तूल होतं, त्यावर ६०० पैकी ५५० च्या पुढे जायची. हे घेतल्यापासून ५३०-५३५. सगळे शॉट आठाच्या काट्यावर, खाली-डावीकडे. ज्याच्याकडून घेतलं तो म्हणतो बॅरल लांब आहे, मुलींना पुढून जड पडतं, आखूड करून घ्या. सरांना विचारायचं तर ते पुढच्या आठवड्यापर्यंत दिल्लीला, करणी सिंग रेंजवर. आता तरी कुणी गनस्मिथचं नाव सांगेल का?

घारीची_नजर | १:२०
ताई, गनस्मिथ राहू द्या. उजव्या हाताच्या खेळाडूचे शॉट ठरून खाली-डावीकडे जात असतील तर आधी बोट आणि मूठ तपासायची, बॅरल सगळ्यात शेवटी. बॅरल बिघडलं असतं तर छर्रे चहूकडे पसरले असते, एका जागी गोळा झाले नसते. आणि एलपी १० च्या बॅरलला मुळातच वर भोकं असतात. हवा तिथून निघते म्हणून तोंड उसळत नाही. दहा मीटरला ती चालतात, २५ मीटरला अशा भोकांना बंदी आहे. पुढून कापलंत की ती रचनाच मोडली, आणि पुढची माशी (नेम धरायची खूण) बसवायची कशावर?
मूठ कुठल्या मापाची? लाकडावर एस, एम, एल असं काही आहे का?

गाळा_नं_७ | १:३४
भोकं तर आमचा मिस्त्री नवीन पाडून देईल. ड्रिलिंगला त्याचा हात कुणी धरू शकत नाही.

वरळीचा_वारा | २:४५
घारीशी सहमत. माझा मुलगा असाच एका सीनियरचं पिस्तूल घेऊन आठ महिने झुंजला. मूठ मोठी असली की बोटाचं पेर चापावर पुरतं पोचत नाही, मग मूल चाप सरळ मागे न ओढता बाजूने ढकलतं. आम्ही शेवटी सुताराकडून कानशीने मूठ उतरवली, तळहाताच्या पोकळीत एम-सील भरलं, मुलाला ओलं असतानाच धरायला लावलं आणि वाळल्यावर घासलं. खर्च दोनशे रुपये. दिसायला भयंकर, गुण मात्र सुधारले.

नियमवाले_नाना | ३:००
एम-सील भरताना तळहाताखालची पट्टी मुठीला नव्वद अंशांपेक्षा कमी कोनात येता कामा नये, आणि मनगटाला आधार मिळेल असं काही नको. सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. तपासणीत अडकलात तर स्पर्धा बाहेरूनच बघाल.

वरळीचा_वारा | ३:०६
नाना पहिल्यांदाच कामाचं बोलले.

शिवडी_ते_सीवूड्स | ३:३०
एम-सील जड होतं. फेविकॉल आणि लाकडाचा भुसा. सागवानाचा.

वरळीचा_वारा | ३:३४
घामाने सुटतो तो. मुंबईत राहता ना?

घारीची_नजर | ४:१५
ताई, उद्या रेंजवर एवढं करा. कुणाला तरी सांगून पिस्तूल शिकंज्यात नीट बांधा आणि एकाच डब्यातले पाच छर्रे मारा. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं, पाचही भोकं एकमेकांत मिसळून त्याच्या आत आली पाहिजेत. आली तर बॅरलला हात लावायचा नाही. मग चापावर ५०० ग्रॅमचं वजन टांगून बघा, उचललं गेलं पाहिजे. आणि सेकंड हँड आहे म्हणून सांगतो, पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा.

आंबेवाला_देवगड | सायंकाळी ६:५०
एम-सील वानरांच्या बाबतीत उपयोगी पडेल का? (गंमत हो. हल्ली आम्हाला तेवढंच उरलंय.)

फलाट_नंबर_४ | सोमवार, रात्री १०:२५
वरळीला जाऊन आले. शिकंज्यात पाच छर्रे, एकच भोक, जरासं लांबट. तिथल्या काकांनी दुसऱ्या डब्यातले पाच मारले, तेही तसेच. चापाने वजन उचललं. मूठ एल मापाची निघाली! विकणारा सहा फुटी होता हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. काकांनी क्लबमधली एस मूठ तात्पुरती बसवून दिली. पहिल्या दहात लेकीने ९४ मारले आणि मग माझ्याकडे अशी बघितली की जणू बॅरल कापायला मीच करवत घेऊन निघाले होते. निघालेच होते म्हणा.
घारीची_नजर, तुमचे किती आभार मानू? नाना, तुमचेही.
पण आता नवीन पंचाईत. सिलिंडरवर २०१४ कोरलंय. याचा अर्थ काय?

नियमवाले_नाना | १०:३१
याचा अर्थ दहा वर्षं उलटली. तपासणीत बाद. जबाबदारी खेळाडूची, विकणाऱ्याची नाही.

घारीची_नजर | १०:४०
हेच भय होतं. तुमच्या पिस्तुलाला बसणारं नवं सिलिंडर शोधायला लागा, आजच. आयात केलेला माल आहे, गल्लीच्या दुकानात मिळत नाही. क्लबच्या ग्रुपवर टाका, कुणाकडे जास्तीचं असतं. तोवर हे भरू नका आणि मुलीला हात लावू देऊ नका. आतमध्ये २०० बार दाब असतो.

फलाट_नंबर_४ | १०:४४
म्हणजे धाग्याचं नाव बदलू का? "एलपी १० चं सिलिंडर मुंबईत कुणाकडे आहे का?" तीन आठवडे आता एकोणीस दिवस झालेत.

गाळा_नं_७ | १०:५२
ताई, नवीन कशाला? भिवंडीत एक जण आहे, फायर एक्स्टिंग्विशरवर नवीन तारखा मारून देतो. अक्षर कारखान्यासारखं.

नियमवाले_नाना | १०:५३
संपादक!