चिकन ब्रेस्ट मधून चिरून उघडता का? अनुभव सांगा

नांदेडहून : आमच्याकडं चिकन म्हणजे हाडासकट, येसर लावलेला रस्सा आणि ज्वारीची भाकरी. लेक जिमला जायला लागला तसं बोनलेस ब्रेस्ट घरात आलं. सुरुवातीला अख्खंच तव्यावर टाकायची. निमुळतं टोक वातड व्हायचं अन् जाड बाजू कापावी तर आत गुलाबी. मसाल्याचा काही दोष नव्हता. तुकडाच एकीकडं दोन बोटं जाड, दुसरीकडं अर्धं बोट. आता तो बोर्डावर सपाट ठेवते, वरून डावा तळवा, बोटं उचललेली. सुरी बोर्डाला समांतर धरून जाड कडेनं आत न्यायची, पलीकडं सेंटीमीटरभर उरलं की थांबायचं आणि वहीसारखं उघडायचं. करवतीसारखं घासायचं नाही, लांब लांब ओढायचं. करडईच्या तेलावर दर बाजूला तीन-चार मिनिटं पुरतात. तुम्ही कसं करता, सविस्तर लिहा.

लातूरहून : खालच्या अंगाला एक सुटी बारीक पट्टी असते, ती आधी काढा. आणि मे महिन्यात दुकानातून घरी येईस्तोवर मांस लिबलिबीत होतं, सुरी धरतच नाही. डब्यात घालून वीस-पंचवीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. गोठवायचं नाही, जरा आवळून येऊ द्यायचं. एवढ्यानं माझं निम्मं काम सोपं झालं.

परभणीहून : उघडल्यावर मधली रेघ जाडच राहते. वर प्लॅस्टिक अंथरून लाटण्यानं हलकं ठोका. बत्त्यानं नको, मांस फाटतं.

बीडहून : आमच्याकडं पाणी आठ दिवसांनी, तरी चिकन तीन पाण्यानं धुवायचो. त्यातले शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात आणि जंतू पसरतात. ते मरतात शिजवण्यानंच. आता कागदानं टिपून घेतो. ओलं मांस वाफेवर शिजत बसतं, त्याला लाली येत नाही, हेही कळलं. कोशिंबिरीचा बोर्ड मात्र कायम वेगळा ठेवा.

छत्रपती संभाजीनगरहून : अण्णांचे दात गेलेत, हाडाचं त्यांना चावत नाही. दीड वर्ष ते नुसत्या रश्श्यात भाकरी कुस्करून खात होते, मला ते बघवायचं नाही. उघडलेल्या ब्रेस्टला दही, मीठ, काळा मसाला लावून तासभर ठेवते. तव्यावरून उतरवलं की पाच मिनिटं झाकून, मग मांसाच्या धाग्यांना आडवं, पातळ पातळ कापते. धाग्याच्या बाजूनं कापलं तर दोरे चावत बसावं लागतं. परवा अण्णांनी स्वतःहून ताट पुढं केलं, "अजून दे गं."

धाराशिवहून : सुरीपेक्षा माझा हात विळीवर बसलेला, म्हणून तिच्यावर करून पाहिलं. नाही जमत. विळीवर मांस पात्याकडं ढकलावं लागतं, शेवटचा सेंटीमीटर दिसतच नाही आणि दोन तुकडे होतात. तसे झाले तर मी दोन पातळ काप म्हणून भाजून घेते, सारखेच शिजतात. पण आत ठेचा भरून दुमडायचं असेल तर ती कड हवीच, त्यासाठी सुरी पाजवून आणलीय.