मदत हवी आहे: आफ्टरग्लोच्या ध्रुवीकरणाचा कोन पलटायच्या ऐवजी सरकतोय

नमस्कार मंडळी,

गॅमा किरण स्फोटांच्या आफ्टरग्लोचं (स्फोटानंतर मागे उरणाऱ्या, हळूहळू मंदावणाऱ्या प्रकाशाचं) एक साधं मॉडेल संगणकावर करून बघतोय, पण एका ठिकाणी घोडं पेंड खातंय. जाणकारांनी जरा बघावं.

गृहीतक नेहमीचंच. जेट म्हणजे स्फोटातून निघालेला अतिवेगवान अरुंद झोत, तो भोवतालच्या वायूवर आदळून आघाततरंग उठतो. त्या आघाततरंगाच्या प्रतलात चुंबकीय क्षेत्र अस्ताव्यस्त आहे आणि आपण जेटच्या अक्षापासून थोडे बाजूला आहोत. आपल्याला दिसणारा भाग तेजस्वी कड्यासारखा असतो आणि कड्यावर ध्रुवीकरणाची (प्रकाशलहरी एकाच दिशेत कंप पावण्याची) दिशा सगळीकडे त्रिज्येला धरून असते. कडं पूर्ण दिसतं तोवर बेरीज शून्य. जेट मंदावतं तसं कडं पसरतं आणि त्याची एक बाजू जेटच्या काठाबाहेर जाते. त्या बाजूचं आडवं ध्रुवीकरण गेलं की शिल्लक राहते उभी दिशा. आणखी पुढे फक्त समोरची बाजू उरते, ती पुन्हा आडवी. म्हणजे जेट ब्रेकच्या (आफ्टरग्लो अचानक जास्त वेगाने मंदावू लागतो त्या क्षणाच्या) सुमारास ध्रुवीकरण शून्यावर येऊन कोन एकदम ९० अंशांनी पलटायला हवा. १९९९ साली गिसेलिनी-लाझ्झाती आणि सारी यांनी हेच दाखवलं होतं.

ध्रुवीकरण क्यू आणि यू या दोन आकड्यांत मांडलंय: क्यू म्हणजे उभ्या-आडव्या दिशांतला फरक, यू म्हणजे दोन तिरक्या (४५ अंशांच्या) दिशांतला. माझ्याकडे नुसत्या जेटचं उत्तर तसंच येतं: क्यू +१.५ टक्क्यांवरून उणे १.५ वर जातो, यू शून्यच. पण वाटेतल्या धुळीचं ०.६ टक्के ध्रुवीकरण यूमध्ये मिळवलं की कोन ११ वरून ७९ अंशांवर हळूहळू सरकतो आणि ध्रुवीकरण शून्याला शिवतसुद्धा नाही. हे असंच होतं का? होत असेल तर खऱ्या निरीक्षणात पलटी ओळखायची कशी?

प्रतिसाद १

कोड ठीक आहे. टक्केवारीचे आणि कोनाचे आलेख बाजूला ठेवा, बिंदू थेट क्यू-यू प्रतलावर मांडा. जेटचा बिंदू सरळ रेषेत आरंभबिंदूतून पलीकडे जातो, तिथे कोन उडी मारतो. धूळ ती अख्खी रेषा ०.६ने वर उचलते, रेषा आरंभबिंदू चुकवते, म्हणून कोन वळत जातो आणि ध्रुवीकरण ०.६च्या खाली उतरत नाही.

आपल्या दीर्घिकेतल्या धुळीसाठी त्याच चित्रातल्या ताऱ्यांचं ध्रुवीकरण मोजून सरासरी क्यू आणि यू वजा करतात. टक्के मात्र टक्क्यांतून कधीच वजा करू नका.

प्रतिसाद २

०.६ टक्के किरकोळ नाही हो! आफ्टरग्लोत ध्रुवीकरण पहिल्यांदा सापडलं ते जीआरबी ९९०५१०मध्ये (जीआरबी म्हणजे गॅमा किरण स्फोट, आकडा त्याच्या तारखेचा: वर्ष, महिना, दिवस), व्हेरी लार्ज टेलिस्कोपवर, आणि ते होतं जेमतेम १.७ टक्के. धुळीने होणारं लालीकरण (निळा प्रकाश जास्त अडून प्रकाश लालसर होणं) ०.१ मॅग्निट्यूड (तेजस्वितेचं एकक) असेल तर तिचं एकटीचं ध्रुवीकरण ०.९ टक्क्यापर्यंत जाऊ शकतं.

त्यात गोंगाटाची भर. क्यू आणि यू दोन्ही खरोखर शून्य असले आणि प्रत्येकातली त्रुटी ०.३ टक्के असली, तरी मोजलेलं ध्रुवीकरण सरासरी ०.३८ येतं, कारण ते ऋण होऊच शकत नाही. शून्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

खरे आफ्टरग्लो इतके शहाण्यासारखे वागतही नाहीत. ०३०३२९चं ध्रुवीकरण ०.३ ते २.५ टक्क्यांमध्ये वरखाली होत राहिलं, कोनही भटकला. १२१०२४एमध्ये मात्र जेट ब्रेकच्या दोन्ही बाजूंना ९० अंशांचा फरक दिसला. आणि पहिल्या काही मिनिटांना हे मॉडेल लावू नका: १२०३०८एमध्ये २८ टक्के सापडलं होतं, तेही स्थिर कोनासह. तिथे उलट्या (जेटच्याच आत मागे जाणाऱ्या) आघाततरंगातलं सुसंघटित चुंबकीय क्षेत्र धरावं लागतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, क्यू-यूवर रेषा लख्ख दिसली. एक शंका उरते: स्फोट ज्या दीर्घिकेत झाला तिथली धूळ आपल्या ताऱ्यांवरून कशी कळणार?

प्रतिसाद १

नाही कळणार. पण ती धूळ दिवसागणिक बदलत नसेल, तर दोन रात्रींच्या क्यू-यूमधला फरक घ्या, त्यात धुळीचा वाटा आपोआप कटतो. सगळे फरक एकाच रेषेवर येतात का ते तपासा, मात्र फिल्टर तोच ठेवा, कारण धुळीचं ध्रुवीकरण तरंगलांबीनुसार बदलतं.