मदत हवी आहे : आखाडात मुंगवड्या आणि वाळवलेल्या अंबाडीला बुरशी लागते

नमस्कार मंडळी. आमचं खेडं यवतमाळ जिल्ह्यातलं. नाल्याला पूर आला की बाजार बंद, आणि त्यातच घरात ताप-हगवण शिरली तर उन्हाळ्यातलं वाळवणच कामी येते. साखर-मिठाचं पाणी आम्ही करतोच (लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ).

अडचण साठवणीची आहे. कडक उन्हात खुडखुडीत वाळवूनही डब्याच्या झाकणाला आतून दव धरतं, वड्यांवर हिरवट बुरशी चढते. तिचं विष शिजवूनही जात नाही, म्हणून फेकावंच लागतं. फार जीव तुटतो.

वड्या पूर्ण गार झाल्यावरच डबा भरायचा का? तळाशी कळीच्या चुन्याची पुरचुंडी कोणी ठेवतं का? सासूबाईंना बीपी आहे, त्यामुळे जास्तीच्या मिठाचा उपाय नको.