वैमानिकाचं हृदय : वर्षातून एकदा मेडिकल पुरेसं आहे का?

जरीमरीकर (धागाकर्ता)
मी मुंबई विमानतळालगत जरीमरीत राहतो. आमच्या पत्र्यावरून विमानं इतकी खालून उतरतात की चाकं मोजावीत. त्यामुळे हा विषय मला लांबचा वाटत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या विमानाचा वैमानिक बोर्डिंग गेटपाशीच कोसळला आणि गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिएटल-इस्तंबूल विमानात ५९ वर्षांचे कॅप्टन हवेतच गेले. मेडिकल त्याच वर्षी मार्चमध्ये पास! मग हे मेडिकल तपासतं तरी काय? पडल्यापडल्या काढलेला ईसीजी? आपल्याकडे हार्ट अटॅक पाश्चात्त्यांपेक्षा पाच-दहा वर्षं आधी गाठतो. माझं मत सरळ आहे : चाळिशीनंतर प्रत्येक वैमानिकाच्या हृदयाचा सीटी स्कॅन करा, धमन्यांतलं कॅल्शियम मोजा, आकडा जास्त आला की उड्डाण बंद.

उजवी खुर्ची
त्या इस्तंबूलच्या विमानाचं पुढे काय झालं तेही लिहा की. बाकीच्या वैमानिकांनी ते न्यूयॉर्कला सुखरूप उतरवलं. २००९ मध्ये ब्रुसेल्स-न्यूअर्क विमानाचे कॅप्टन विमान अटलांटिकवर असतानाच वारले, प्रवाशांना खाली उतरल्यावर कळलं. दुसरा वैमानिक शोभेला बसवलेला नसतो. सहकाऱ्याने दोन हाकांना ओ दिली नाही की तो कामातून गेला असं धरून विमान ताब्यात घ्यायचं, ऑटोपायलट लावायचा, केबिन क्रूला बोलवायचं. ते त्याच्या खांद्याचे पट्टे अडकवून खुर्ची मागे ओढतात, म्हणजे तो कंट्रोलवर पडत नाही. मग 'मेडे' (संकटाचा संदेश) आणि जवळचा विमानतळ. सिम्युलेटरमध्ये हे घोटून घेतात.

हिशोबही आहे. दोघांच्या कॉकपिटमध्ये अचानक निकामी होण्याचा वर्षाला १ टक्का धोका असलेला वैमानिक चालतो असं मानतात. वर्षाचे तास ढोबळ दहा हजार, म्हणजे तासाला दहा लाखांत एक. टेकऑफ-लँडिंगचा नाजूक काळ उड्डाणाचा दहावा हिस्सा. त्यात दुसऱ्याला सावरता आलं नाही असं शंभरात एकदा. गुणाकार केला की शंभर कोटी तासांत एक.

मोटरमन (निवृत्त)
लोकलमध्ये आम्ही एकटेच. हँडलवरचा हात सुटला की ब्रेक लागतो, गाडी आपोआप थांबते. विमान हवेत उभं करता येत नाही, तेव्हा दुसरा माणूस हवाच, कबूल. पण साहेब, तुमचा तो 'शंभरात एक' कोणी मोजला? १९७२ मध्ये लंडनजवळ स्टेन्सला ट्रायडेंट जातीचं विमान पडलं, ११८ जण गेले. कॅप्टनच्या धमन्या फार खराब असल्याचं शवविच्छेदनात निघालं. उड्डाणाआधी क्रूरूममध्ये त्यांची जोरदार खडाजंगीही झाली होती. कॉकपिटमध्ये बाकीचे होतेच की! कमी वेगात विमान तोलून धरणाऱ्या, पंखांच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या (ड्रूप) वेळेआधी आत गेल्या आणि कोणीच सावरलं नाही. धाडकन कोसळणारा दिसतो. अर्धवट भानावर राहून चुका करणारा, आणि वर ज्याला टोकायची भीती वाटते असा वरिष्ठ, त्याचं काय?

ट्रेडमिलवाली
मी दादरला टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून-पळवून ईसीजी, घेते. वैमानिक ओळखू येतात. इलेक्ट्रोड चिकटवतानाच नजर मॉनिटरवर, आणि पहिला प्रश्न, "रिपोर्टमध्ये काय लिहाल?" छातीत जळजळ होते का विचारलं की "ॲसिडिटी आहे" हे उत्तर तयार. त्रास नसलेल्या माणसाची टीएमटी पॉझिटिव्ह आली तर ती बरेचदा फसवी निघते. पण तोवर अँजिओग्राफी, महिनोन्‌महिने घरी, फ्लाइंग अलाउन्स बंद, फ्लॅटचा हप्ता चालू. कॅल्शियमचंही तेच. आकडा जास्त म्हणजे अटॅक यंदाच येणार असं नाही. उलट फुटून गुठळी करणारा धमनीतला चरबीचा मऊ थर कॅल्शियमशिवायही असतो. तुमच्या नियमाने लोक जास्त लपवतील, बाकी काही नाही.

जरीमरीकर
लपवतात म्हणून तपासू नका? अजब न्याय! मग ड्युटीआधी तोंडात ब्रेथॲनालायझर तरी कशाला देता?

उजवी खुर्ची
दारू सकाळी उतरते, करिअर परत मिळत नाही, हा फरक. युरोपात स्टेंट घातल्यावर किमान सहा महिने थांबवतात, तपासण्या ठीक आल्या तर 'सोबत दुसरा पात्र वैमानिक हवा' या अटीवर परत घेतात. परतीची अशी वाट दिसली तर माणूस आपणहून सांगतो. आणि हृदयाची एवढी काळजी असेल तर रात्रीच्या ड्युट्यांवरही बोला. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे नियम जानेवारी २०२४ मध्ये ठरले. ते पुरते लागू होताना डिसेंबर २०२५ मध्ये विमानतळांवर काय गोंधळ झाला ते सगळ्यांनी पाहिलंय.
(अवांतर : वैमानिक अचानक निकामी होण्याचं नेहमीचं कारण हृदय नसून बिघडलेलं पोट असतं. म्हणून दोघांना वेगवेगळं जेवण.)

मोटरमन (निवृत्त)
ड्युट्यांबद्दल +१. पहाटेची पहिली गाडी काढलेली आहे, शरीर कसं आंबतं ते ठाऊक आहे.

जरीमरीकर
ठीक, तुमच्याच हिशोबाने बोलू. सगळी मदार दुसऱ्या खुर्चीवर ना? मग आंतरराष्ट्रीय नियमात पूर्वी एक साठीपुढचा असेल तर दुसरा साठीच्या आतला लागायचा, ती अट २०१४ मध्ये का काढली? आता दोघंही चौसष्टचे चालतात. सीटी नको म्हणता, तर निदान ती अट तरी परत आणा.

उजवी खुर्ची
त्याला माझी सही घ्या. सीटीला नाही.

ट्रेडमिलवाली
साठीनंतर मेडिकल दर सहा महिन्यांनी असतं, हेही लक्षात घ्या. तेव्हा अट आणायची तर वयाची का, रिपोर्टची का नको? माझ्याकडे पंचेचाळीसचे येतात, त्यांच्यापेक्षा काही बासष्टचे बरे धावतात.