सूचनेचा मेल पाठवायला छोटं साधन पुरे, की पूर्ण मेल सर्व्हर हवाच?

रात्रपाळी

मी सांभाळते त्या एका सर्व्हरवर रोज रात्री दोन वाजता डेटाबेसचा बॅकअप निघतो. गेल्या महिन्यात बॅकअपची डिस्क भरली आणि बॅकअप अर्धवट लिहून थांबू लागला. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनने आपलं काम चोख केलं. स्क्रिप्टने जे छापलं ते त्याने दर रात्री रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, नावे मेल केलं. पण तो मेल जात होता त्याच मशीनवरच्या एका फाइलीत, जी कुणी उघडत नाही. असे ११ दिवस गेले. बाराव्या दिवशी मी वेगळ्याच कामासाठी लॉगिन केलं, 'तुमच्यासाठी नवीन मेल आहे' ही ओळ दिसली म्हणून सहज बघितलं. एकाखाली एक ११ मेल, सगळ्यांत एकच वाक्य: डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही.

त्या दिवशी मी एमएसएमटीपी बसवलं, म्हणजे मेल थेट मेल सेवेला नेऊन देणारं एक छोटं साधन. सेटिंगच्या फाइलीत जेमतेम आठ ओळी: आपल्या मेल सेवेचा सर्व्हर, पोर्ट ५८७ (लॉगिन करून मेल द्यायचं दार), टीएलएस (जोडणीचं कुलूप) चालू, लॉगिन, पाठवणाऱ्याचा पत्ता, पासवर्ड कुठून घ्यायचा आणि लॉग कुठे लिहायचा. सेंडमेल या मेल पाठवायच्या जुन्या कमांडच्या जागी त्याची लिंक लावली, म्हणजे क्रॉनही आता त्याच्याकडूनच मेल पाठवतो.

माझे वरिष्ठ म्हणतात, हे कच्चं काम आहे, पोस्टफिक्स हा पूर्ण मेल सर्व्हर बसव. मला ते पटत नाही. ज्या मशीनला मेल घ्यायचाच नाही, फक्त दिवसाला एखादी सूचना बाहेर द्यायची आहे, तिथे कायम चालू राहणारी सेवा, न गेलेल्या मेलची तिची रांग, तिचे अपडेट हे सगळं का सांभाळायचं? छोटं साधन बोलावलं की उठतं, मेल देतं आणि संपतं. तुमचं मत काय?

जुनाजाणता

असहमत, आणि तुमचे वरिष्ठ बरोबर आहेत.

मेल पाठवण्याचे नियम म्हणजे एसएमटीपी, आणि ते सांगणारा आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ८२१ हा १९८२ चा. तेव्हापासून मेलची सगळी रचना एका गोष्टीवर उभी आहे: आत्ता जमलं नाही तर ठेवून घ्या, थोड्या वेळाने पुन्हा द्या. समोरच्याने ४ ने सुरू होणारं उत्तर दिलं तर अडचण तात्पुरती, ५ ने सुरू होणारं दिलं तर नकार कायमचा. २००८ चा आरएफसी ५३२१ तर स्पष्टच सांगतो, दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटं जाऊ द्या आणि साधारण चार-पाच दिवस तरी हार मानू नका. पोस्टफिक्स काही वेगळं न सांगता ५ दिवस प्रयत्न करत राहतो.

तुमचं साधन एकदाच दार ठोठावतं. रात्री दोन वाजता नेटवर्क दोन मिनिटं गेलं की तो मेल गेला, कायमचा. आणि नेटवर्क कधी जातं? जेव्हा बाकी सगळंही बिघडलेलं असतं, म्हणजे सूचनेची खरी गरज असते तेव्हाच.

ओझ्याचं म्हणाल, तर फक्त बाहेर मेल देणारा पोस्टफिक्सही थोडक्या ओळींत होतो. तो स्वतःच्या मशीनपुरताच ऐकतो, बाहेरून कुणाचं काही घेत नाही.

रात्रपाळी

नेटवर्कचा मुद्दा मान्य. पण स्क्रिप्टला ते लगेच कळतं. मेल गेला तर साधन शून्य परत देतं, नाहीतर दुसरा कोड. तात्पुरत्या अडचणीसाठी ७५ हा आकडा जुन्या काळापासून ठरलेला आहे. मी लूप लावला आहे: पाच मिनिटं थांब, पुन्हा दे, असं सहा वेळा.

आणि रांगेला एक दुसरी बाजू आहे. समजा मेल सेवेचा पासवर्ड बदलला आणि मी तो सर्व्हरवर बदलायला विसरले. पोस्टफिक्स असेल तर मेलची कमांड शून्य परत देणार, कारण मेल रांगेत नीट जमा झालेला असतो. स्क्रिप्ट समाधानाने संपणार. मेल पाच दिवस पडून राहणार. 'उशीर होतोय' अशी सूचना देण्याची सोय त्यात आहे, पण ती मुळात बंद असते. पाचव्या दिवशी 'पोचला नाही' हे पत्र कुणाला? पाठवणाऱ्याला. पाठवणारा कोण? रूट. म्हणजे पुन्हा तीच फाइल, जी मी ११ दिवस उघडली नव्हती. आणि तो पत्ता बाहेरचा लावला, तर हे पत्रही त्याच बंद दारातून जाणार.

जुनाजाणता

तुम्ही जो लूप लिहिला ती रांगच आहे, फक्त कच्ची. मधे मशीन रीस्टार्ट झालं तर लूपही गेला आणि मेलही. पोस्टफिक्स मेल डिस्कवर लिहून झाल्याशिवाय 'घेतला' म्हणत नाही. ही काळजी वेत्से व्हेनेमांनी १९९८ मध्ये पोस्टफिक्स बाहेर आणला तेव्हापासून त्यात आहे. इतक्या वर्षांत घासूनपुसून झालेलं काम बाजूला ठेवून शेलच्या (कमांडच्या स्क्रिप्टच्या) सहा ओळींवर भरवसा ठेवणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

५८७

दोघांच्या बोलण्यात एक शब्द निसटतोय, 'पोचला'. छोटं साधन चालवताना त्याला बोलकं करून एकदा संवाद नीट बघा. सर्व्हर २२० म्हणून दार उघडतो. आपण नाव सांगतो, टीएलएस सुरू होतं, लॉगिन होतं. मग पाठवणारा कोण, घेणारा कोण, दोन्हींना २५०. मग ३५४: सांगा मजकूर. मजकूर जातो, शेवटी एका ओळीत एकटा टिंब. आणि त्या टिंबानंतर जे २५० येतं, तेच महत्त्वाचं. त्या क्षणी समोरचा सर्व्हर म्हणतो, आता जबाबदारी माझी. यापुढे पोचवणं किंवा न पोचल्याचं कळवणं त्याच्यावर बंधनकारक.

छोट्या साधनाचं शून्य म्हणजे हे २५०. पोस्टफिक्समधून कमांडला मिळणारं शून्य म्हणजे फक्त आपल्याच मशीनने हो म्हटलं. हा फरक मला मोठा वाटतो, म्हणून माझं मत रात्रपाळी यांच्या बाजूने.

पण २५० म्हणजे इनबॉक्स नव्हे. स्पॅमचा निर्णय पुढे होतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्याच पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या खुणा) सक्तीचं केलं आहे. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही हवेत आणि वर डीमार्कही (खुणा जुळल्या नाहीत तर काय करायचं ते सांगणारी नोंद). म्हणून स्वतःच्या मशीनवरून पोर्ट २५ ने थेट दुसऱ्याच्या सर्व्हरला मेल देण्याच्या फंदात पडू नका, आपल्या मेल सेवेत लॉगिन करूनच द्या. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता लॉगिनच्या खात्याचाच ठेवा.

कुलूप

इतका वेळ पासवर्डबद्दल कुणी नीट बोललेलं नाही, मला तिथेच सगळ्यात जास्त धोका दिसतो.

कमांडमध्येच पासवर्ड लिहायची सोय काही साधनांत असते. ती कधीही वापरू नका. कमांड चालू असेपर्यंत त्या मशीनवर लॉगिन असलेला कुणीही प्रोसेसची यादी काढून तो वाचू शकतो, आणि शेलच्या इतिहासात तो राहतो ते वेगळंच. फाइलीत ठेवायचा तर परवानगी ६००, म्हणजे मालकाशिवाय कुणाला वाचता येऊ नये. वापरकर्त्याच्या फाइलीत पासवर्ड असून ती इतरांना उघडी असेल तर एमएसएमटीपी पुढे जातच नाही, हे मला त्याचं फार आवडतं. त्याहून बरं म्हणजे दुसरी कमांड चालवून पासवर्ड मागवणं.

आता खरा मुद्दा. बरेच जण स्वतःच्या रोजच्या जीमेल खात्याचा अॅप पासवर्ड (साधनांसाठी वेगळा काढलेला) सर्व्हरवर टाकतात, कारण नेहमीच्या पासवर्डने लॉगिन करण्याची सोय ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी बंद झाली. तो १६ अक्षरी पासवर्ड फक्त मेल पाठवण्यापुरता नसतो. त्याच पासवर्डने आयमॅपमधून, म्हणजे मेल वाचायच्या मार्गाने, तुमचा सगळा पत्रव्यवहार वाचता येतो. बॅकअपची एक ओळ कळावी म्हणून घरातल्या सगळ्या कपाटांची किल्ली सर्व्हरवर टांगून ठेवल्यासारखं आहे ते. सूचनांसाठी वेगळं खातं काढा, ज्यात वाचण्यासारखं काहीच नाही.

पोस्टफिक्सवाल्यांनाही हेच लागू. तिथेही पासवर्ड साध्या मजकुरातच लिहिलेला असतो.

कोडकर

मी तिसऱ्या बाजूचा. शेलमधून मेल बनवणंच चुकीचं. मेल म्हणजे नुसता मजकूर नव्हे, त्याला रचना आहे.

मराठीचंच उदाहरण घेऊ. विषयात 'बॅकअप' लिहून तो मजकूर तसाच साधनाकडे ढकलला तर वाचणाऱ्याकडे कधी नीट दिसतो, कधी त्याची खिचडी होते, कारण हेडरमध्ये (विषय, पत्ते यांच्या ओळींत) जुन्या नियमाने फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी, अक्षरं चालतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. ब, ॅ, क, अ, प अशी पाच चिन्हं म्हणजे १५ बाइट, आणि बाइटांची साधी अक्षरं करणाऱ्या बेस-६४ मध्ये त्यांची २० अक्षरं होतात. अशा एका तुकड्याची मर्यादा ७५ अक्षरं. त्यातली १२ मागच्या-पुढच्या खुणांत जातात. हिशेब केला तर एका तुकड्यात काना-मात्रा धरून जेमतेम १५ चिन्हं बसतात. विषय त्याहून लांब असेल तर तो तोडायचा, तोही चिन्हाच्या मधोमध न तोडता. हे शेलमध्ये कोण करत बसणार? पायथनच्या मेल लायब्ररीत विषय जसाच्या तसा द्या, बाकी सगळं ती बघते.

रात्रपाळी

विषयाचा त्रास मलाही झाला होता. पण दोन कामं वेगळी करायला हवीत. एमएसएमटीपी पत्र लिहीत नाही, ते पाकीट नेऊन देतं. पत्र लिहायला मट किंवा मेलएक्स पुढे ठेवा. मट विषय नीट सांकेतिक करतो, फाइल जोडतो आणि तयार पत्र सेंडमेलच्या जागी बसलेल्या साधनाकडे देतो. माझी स्क्रिप्ट आधीच शेलमध्ये आहे. केवळ एका मेलसाठी तिच्यात पायथन आणलं, तर पासवर्ड आणि सर्व्हरचं नाव प्रत्येक स्क्रिप्टमध्ये वेगळं लिहिलं जाण्याची भीती मला जास्त वाटते.

कोडकर

भीती रास्त आहे, पण सेटिंग एका फाइलीत ठेवता येतं. आणि तुमच्या साखळीत आता तीन दुवे झाले: स्क्रिप्ट, मट, एमएसएमटीपी. अडचण आली की कोणत्या दुव्यावर आली हे तीन ठिकाणी शोधावं लागेल. मी माझ्या मतावर ठाम.

पहारेकरी

मला ही चर्चा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी वाटू लागली आहे. रात्रपाळी यांचं नुकसान मेल चुकीच्या जागी गेल्यामुळे झालं, हे खरं. पण मशीनच बंद पडलं असतं तर? क्रॉनच चालला नसता तर? छोटं साधन, पोस्टफिक्स, पायथन, तिन्ही गप्प राहिले असते. आणि मेल न येणं हे सगळं ठीक असल्यासारखंच दिसतं.

बिघडलेल्या मशीनने स्वतःच्या बिघाडाची बातमी द्यावी ही अपेक्षा मुळात कमकुवत. बॅकअपच्या फाइलीचं वय आणि आकार दुसऱ्या मशीनने तपासायला हवा. फाइल २६ तासांपेक्षा जुनी झाली किंवा कालच्याहून निम्मी भरली, तर ओरडायचं त्या दुसऱ्या मशीनने.

जुनाजाणता

हे पटलं. पण ते दुसरं मशीनही मेलनेच ओरडणार ना? तिथे रांग हवीच. पोस्टफिक्स जड वाटत असेल तर नलमेलर बघा. लहान आहे, मेल घेत नाही, पण रांग ठेवतो. एमएसएमटीपीसोबतही रांगेची एक छोटी स्क्रिप्ट येते.

रात्रपाळी

काल रात्री दोन्ही करून बघितलं. एका मशीनवर एमएसएमटीपी, एकावर पोस्टफिक्स, आणि दोन्हींकडे मुद्दाम चुकीचा पासवर्ड. एमएसएमटीपीने काही सेकंदांत चूक परत दिली आणि स्क्रिप्ट लाल झाली. पोस्टफिक्सकडे कमांड बिनबोभाट संपली. रांग उघडली तेव्हा मेल तिथे थांबलेला दिसला, शेजारी लॉगिन नाकारल्याचं कारण. मग पासवर्ड बरोबर करून नेटवर्कची तार काढली, दोन्ही मशीनवर एकेक मेल दिला आणि लगेच दोन्ही रीस्टार्ट केली. तार पुन्हा जोडल्यावर पोस्टफिक्सचा मेल आपोआप आला. माझा लूप नाहीसा झाला होता.

म्हणून लूप काढला. सर्व्हरवर एमएसएमटीपीच ठेवलं आहे, पण मेल गेला नाही तर स्क्रिप्ट तो एका फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवते आणि क्रॉन दर १० मिनिटांनी तो फोल्डर रिकामा करायचा प्रयत्न करतो. सूचनांसाठी वेगळं खातं काढलं. बॅकअपच्या फाइलीचं वय आता दुसरं मशीन बघतं.

जुनाजाणता

म्हणजे शेवटी रांग आलीच.

पासवर्ड चुकवण्याची तुमची चाचणी वाचून आज माझ्याकडच्या मशीनवरच्या रांगा उघडून बघितल्या. एका ठिकाणी तीन दिवसांपूर्वीचे नऊ मेल अडकलेले होते, कुणालाच पत्ता नव्हता. पोस्टफिक्स मी काढणार नाही. पण रांगेतला सगळ्यात जुना मेल एका तासापेक्षा जुना झाला की दुसऱ्या मशीनने कळवावं, अशी तपासणी सगळीकडे लावली आहे, आणि तिचा मेल एमएसएमटीपीने जातो.