मदत हवी आहे : मेंदूवरील माहितीपट वर्गात कसे दाखवावेत?

सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. चेतासंस्था शिकवताना मेंदूवरील माहितीपटांचे निवडक भाग दाखवावेत, असे मला मनापासून वाटते, कारण सुमारे 8600 कोटी चेतापेशींचे जाळे फळ्यावरील आकृतीतून उभे राहत नाही.

अडचण मुख्यतः निवेदनाची आहे. ते बहुधा इंग्रजीत असते, आणि माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते. त्यामुळे आवाज बंद ठेवून मी स्वतः मराठीत सांगावे, की थांबवत थांबवत मूळ निवेदन ऐकवावे, हे ठरत नाही.

दुसरी बाब मला अधिक गंभीर वाटते. एफएमआरआय (मेंदूचे काम टिपणारे एक प्रकारचे स्कॅन) चित्रांतील लाल-पिवळे ठिपके पाहून मुलांना मेंदूचा तेवढाच भाग ‘पेटला’ असे वाटते. प्रत्यक्षात ते रंग रक्तातील ऑक्सिजनच्या बदलांवरून संगणकाने दिलेले असतात आणि उरलेला मेंदूही तेव्हा काम करतच असतो. माणूस मेंदूचा फक्त 10 टक्के भाग वापरतो, हा गैरसमज अशाच चित्रांमुळे बळावतो, असे माझे मत आहे. हे स्पष्टीकरण चित्रफितीआधी द्यावे की नंतर?

शस्त्रक्रियेची दृश्ये या वयाच्या मुलांना दाखवावीत का, आणि मराठी निवेदन असलेले विश्वासार्ह माहितीपट कोठे मिळतील, हेही अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगावे.